संगमनेरच्या दुधात औंस

"मॅडम, एक विचारू? संगमनेर तालुक्यात दूध औंसात मोजतात का?"

फोनवर पुण्याच्या ॲडव्होकेट मेहेंदळे होत्या. दुधाची मशीन बनवणाऱ्या ज्या कंपनीशी आमचा करार व्हायचा होता, तिच्या त्या कायदेशीर सल्लागार. बोलणं अतिशय गोड. वकील इतकं गोड बोलायला लागला की मी सावध होते.

"किलोत मोजतात, नाहीतर लिटरमध्ये," मी म्हणाले. "औंस कशाला?"

"मग तुमच्या प्रोग्रॅममध्ये औंसाची सोय का आहे? आमच्या स्कॅनमध्ये तुमची एक फाइल लाल आली आहे. रिपोर्ट पाठवलाय, बघून घ्या. आणि तोपर्यंत डिक्लेरेशनवर सही करू नका."

आमचा धंदा आधी सांगते. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलेल्या भांड्यात दूध ओतलं जातं, वजन येतं, फॅट निघतं, पावती छापली जाते. काटा, फॅटचं मशीन आणि प्रिंटर या तिघांना एकमेकांशी बोलतं ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. संगमनेरच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तेव्हा माणसं तीनच होती. मी, सोपान आणि रुबिना.

पुण्याची ही कंपनी आपल्या प्रत्येक नव्या मशीनमध्ये आमचा प्रोग्रॅम घालणार होती. तोवर आम्ही एकेका केंद्राला गाठून प्रोग्रॅम विकत आलो होतो, पण आता मशीनबरोबरच प्रोग्रॅम येऊ लागला होता आणि आमचे ते दिवस संपत आले होते. करार झाला तर ऑफिस चालू राहणार, नाही झाला तर कुलूप लागणार, इतका सरळ मामला होता. सोपानचं घर आणि शेती सोनईला, रुबिनाचं सासर इथलं, माझे वडील भिंगारला. पुण्यात जाऊन नोकऱ्या शोधायची हौस तिघांपैकी एकालाही नव्हती.

करारासोबत एकपानी डिक्लेरेशन होतं. यातला सगळा कोड आमच्याच माणसांनी लिहिला आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही, असं मी लिहून द्यायचं होतं. मी पेनचं टोपणसुद्धा काढलं होतं.

रिपोर्ट उघडला. कंपनीने आमचा कोड एका स्कॅनरमधून काढला होता. हा स्कॅनर इंटरनेटवर उघडपणे ठेवलेल्या कोडशी आपला कोड ताडून बघतो. आमच्या सगळ्या फाइल हिरव्या होत्या, एक सोडून. ती काट्याची फाइल. काट्यावर वस्तू ठेवली की आकडा थोडा वेळ वर-खाली नाचतो. तो कधी स्थिर झाला आणि कोणता आकडा खरा धरायचा, हे ठरवणारा हा भाग. सगळ्या प्रोग्रॅमचा जीव त्यात. आणि तिथे खरंच लिहिलेलं होतं की काट्याने औंसात वजन दिलं तर त्याचं काय करायचं.

मी सोपानला हाक मारली. सोपान तिशीचा, कामाला वाघ, बोलायला लाजाळू. त्या फाइलवर नाव त्याचंच होतं.

"सोपान, हे औंस कुठून आलं?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, आईशप्पथ, एक ओळ पन कॉपी-पेस्ट केली न्हाई."

"मी ते विचारलं नाही. आलं कुठून?"

"इंटरनेटवर एकाचा कोड हाय, ओपन सोर्स. तो वाचला हुता. पन लिवलं समदं माझं मी."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर म्हणजे कोड. तो कोणालाही उघडून वाचता येईल असा ठेवला, की त्याला ओपन सोर्स म्हणतात. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांची समजूत अशी, की उघडा आहे म्हणजे बेवारस आहे. तसं अजिबात नसतं. लिहिणाऱ्याचा हक्क शाबूत असतो आणि तो काही अटींवर आपल्याला वापरू देतो. त्या अटींचा कागद म्हणजे लायसन्स. काही लायसन्स अगदी साधी असतात, खुशाल वापरा, माझं नाव तेवढं राहू द्या. सोपानने वाचलेल्या कोडचं लायसन्स जीपीएल होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माझा कोड घालून केलेला प्रोग्रॅम तुम्ही दुसऱ्याला दिलात, तर तुमचाही कोड त्याला याच अटींवर द्या. अट वाईट नाही. ज्याला पटते त्याने वापरावा, नाही पटत त्याने हात लावू नये. आम्ही अट पाळलीही नव्हती आणि वर 'सगळं आमचंच' असं लिहून द्यायला निघालो होतो.

मी तडक तो मूळ कोड माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. एका बाजूला तो, एका बाजूला सोपानचा. दोन तास ओळ न् ओळ ताडत बसले आणि जसजशी खाली जात होते तसतसा माझा पारा चढत होता. मूळ लेखकाने काट्याचे शेवटचे सात आकडे घ्यायचे, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान टाकून द्यायचा. सोपाननेही तेच. दोन आकड्यांमध्ये थांबायचा वेळसुद्धा तोच. भागांचा क्रम तोच. फक्त नावं मराठी झाली होती. वजनाचा आकडा ठेवायचा जो डबा तिथे 'स्टेबल वेट' होता, तो इथे 'स्थिर वजन'. आणि औंसाची सोय जशीच्या तशी. आपल्याकडे औंसात दूध कोण घालतं, हा प्रश्न लिहिताना एकदाही त्याच्या मनात आला नव्हता.

"याला स्वतः लिहिणं म्हणतात?" माझा आवाज बाहेर रुबिनापर्यंत गेला असणार.

सोपान उठला आणि आपल्या खणातून एक लांब वही घेऊन आला. आत त्या परक्या माणसाचा सगळा कोड निळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात लिहिलेला. समासात मराठी नावं.

"एक-एक ओळ हातानं लिवली, तवा कुठं डोक्यात बसलं," तो म्हणाला. "मंग वही मिटली आन् मनानं लिवलं. कॉलेजात आपन असंच करायचो की. जर्नल उतरवायचो, नावं बदलायचो." मग जरा घुटमळून म्हणाला, "जर्नलवर सही तुमीच तर करायच्या, मॅडम."

हे खरं होतं. ऑफिस काढण्याआधी मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि सोपान माझा विद्यार्थी. बीसीएसला प्रॅक्टिकलचं जर्नल असतं. प्रोग्रॅम हाताने लिहायचा, खाली आउटपुट लिहायचं, मॅडमची सही घ्यायची. वर्गातले दोघं-तिघं डोकं चालवून लिहितात, बाकीचे त्यांचं जर्नल उतरवतात. अगदीच जसंच्या तसं दिसू नये म्हणून नावं बदलतात. सबमिशनच्या दिवशी टेबलावर गठ्ठा येतो आणि मॅडम सह्या ठोकत सुटतात. उतरवलेली कोणती हे मला पानं चाळताच कळत होतं. तरी मी सह्या केल्या. एकालाही कधी परत पाठवलं नाही. पोरांनी त्यातून शिकायचं तेच शिकलं, की नाव बदललं की झालं आपलं.

मला लाज वाटली. राग होताच, पण आता तो कोणावर काढायचा हे कळेना.

"मॅडम, मी राजीनामा देतो," सोपान म्हणाला.

"राजीनाम्याने फाइल हिरवी होते का? मग बस खाली."

तो बसला आणि त्याने तोडगा काढला. "औंस काढून टाकतो. सातच्या जागी नऊ करतो, थोडं वर-खाली करतो. दहा मिन्टात लाल जाईल."

"म्हणजे परत जर्नलच!" मी म्हणाले. "स्कॅनरला फसवशील रे. सही माझी आहे खाली. मी खोटी सही करणार नाही. करार गेला तर गेला."

बोलताना आवाज ठाम होता. पण करार गेला तर काय जाणार हे मला चांगलं माहीत होतं.

मी मेहेंदळे बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, अगदी वहीसकट.

"वाचणं हा गुन्हा नाही हो," त्या म्हणाल्या. "कल्पना कोणीही घ्यावी. दुसऱ्याची मांडणी उतरली की प्रश्न येतो. आणि एकदा वाचलं की 'हे मी स्वतंत्रपणे लिहिलं' हे सिद्ध करणं फार अवघड. आता तुमच्यापुढे रस्ते तीनच. तुमचा सगळा कोड जीपीएलखाली खुला करा, ते आमच्या कंपनीला चालणार नाही. मूळ लेखकाकडून वेगळी परवानगी घ्या, ती कधी मिळेल सांगता येत नाही. नाहीतर तो भाग पूर्ण काढा आणि ज्याने मूळ कोड पाहिलाच नाही अशा माणसाकडून नव्याने लिहून घ्या."

"मग सोपं आहे. मीच लिहिते. इतकी वर्षं काट्यांशीच तर झटापट करतेय."

"तुम्ही मूळ कोड उघडला होतात?"

"उघडला म्हणजे? दोन तास ताडून बघितला. त्याशिवाय तुम्हाला हे सांगू कशी शकले असते?"

त्या म्हणाल्या, "मग मॅडम, तुम्हीपण गेलात."

ऑफिसात हे काम करू शकणारी दोन माणसं. पहिला वाचून बाद, दुसरी पहिल्याने उतरवलं की नाही हे बघण्याच्या नादात बाद. रागाच्या भरात मी माझाच पत्ता कापला होता. ताडून बघायचं काम मेहेंदळे बाईंच्या माणसाला सांगता आलं असतं, पण तेवढा दम धरायचा कोणी?

राहिली रुबिना. रुबिना शेख आमचे रिपोर्ट आणि स्क्रीन करते. काट्याच्या वायरीला तिने कधी हात लावला नव्हता.

"मला त्यातलं काहीच येत नाही मॅडम," ती म्हणाली.

"म्हणूनच तू."

मी तीन आठवडे मागितले, कंपनीने पंधरा दिवस दिले. त्याच दिवसापासून ऑफिसात नियम सुरू झाले. रुबिना आतल्या खोलीत बसणार. सोपानने आणि मी तिच्या स्क्रीनकडे बघायचं नाही, काट्याबद्दल तिच्याशी बोलायचं नाही. तिने इंटरनेटवर असला कोड शोधायचा नाही. काटा बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपुस्तक आणि प्रत्यक्ष काटा, एवढंच तिच्या हाती. रोज काय वाचलं, काय बघितलं, काय लिहिलं ते तारखेनिशी रजिस्टरमध्ये लिहायचं.

भिंगारच्या आमच्या घरात आईचं सोवळं फार कडक. याला शिवू नको, त्याला हात लावू नको. मला त्या प्रकाराचा लहानपणापासून तिटकारा. आणि पन्नाशी आल्यावर मी स्वतःच ऑफिसात सोवळं मांडून बसले. त्यात सोवळ्यात कोण, तर रुबिना शेख, आणि ओवळे आम्ही दोघं.

"मॅडम, हे आमच्या सासूबाईंना सांगू का?" रुबिनाने विचारलं. "आठवडाभर हसतील."

"आधी कोड लिही, मग हसा सगळ्याजणी."

पहिले दोन दिवस ती माहितीपुस्तकच वाचत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला केंद्र बघायचंय. पठार भागातल्या एका गावात आमचं जुनं केंद्र आहे, तिथले सचिव गोरखतात्या. संध्याकाळच्या संकलनाला मी तिला गाडीने सोडलं आणि स्वतः बाहेर बाकावर बसले. आतलं बोलणं ऐकू येत होतं, तेवढ्याला इलाज नव्हता.

रुबिना तासभर नुसती उभी राहून बघत होती. बाया रांगेत, किटल्यांतून दूध भांड्यात पडतंय, आकडा नाचतोय. मग तिने विचारलं, "तात्या, मशीन नव्हतं तेव्हा तुम्ही आकडा कधी धरायचात?"

"दूध हिंदकळतंय तवर न्हाई धरायचा," तात्या म्हणाले. "आकडा वर जातो, खाली येतो. दोनदा वर, दोनदा खाली झाला की मधला धरायचा. ह्यो तुमचा प्रोग्रॅम उगं वाट बघत बसतो. मागं बाया खोळंबत्यात. लई वेळा फोन केला तुमास्नी, पन तुमी म्हनता, व्हईल."

आम्ही म्हणत होतो खरं. कारण त्या सात आकड्यांनी दूध संथ झाल्याशिवाय उत्तरच यायचं नाही, आणि का येत नाही हे सोपानला सांगता येत नव्हतं. लिहिलेलं त्याचं नव्हतंच, तर सांगणार कुठून.

रुबिनाने तात्यांची रीत वहीत टिपून घेतली आणि तिच्यावर कोड बेतला. पाचव्या दिवशी आतून रुबिनाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. नवव्या दिवशी सगळं बिघडलं. बारा किलो चारशे ग्रॅम ठेवले की कधी बारा दिसायचे, कधी नुसते चारशे. रुबिना दिवसभर डोकं धरून बसली. सोपान दारातून आत बघायचा आणि कासावीस व्हायचा, कारण त्याला उत्तर माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"मॅडम, एकच वाक्य सांगू द्या तिला," तो कुजबुजला.

"चहा पिऊन ये."

"आत्ताच पिलो."

"मग परत पी."

त्या दिवशी तो पाच वेळा चहाला गेला. समोर बुडणाऱ्याला काठावरून नुसतं बघत राहायचं, असा तो प्रकार. मला दोनदा उठावंसं वाटलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. एक शब्द बोलले असते तर नऊ दिवसांचं सगळं काम संशयाचं झालं असतं, आणि सहीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून रुबिना ओरडली, "तुकड्यात येतंय!" काटा आकडा एकदम पाठवत नव्हता, अर्धा आधी आणि अर्धा नंतर पाठवत होता. दोन्ही तुकडे आल्याशिवाय वाचायचंच नाही, हे तिने स्वतः शोधलं. सोपान टाळ्या वाजवायला लागला, तेव्हा मी त्याला कोपराने ढोसलं. मग स्वतःच डोळे पुसले.

दरम्यान आम्ही मूळ लेखकाला मेल केला होता. नव्या कोडने पुढचा प्रश्न सुटणार होता, पण साठ-एक केंद्रांवर आमचा जुना प्रोग्रॅम चालू होता, त्याचं काय? सोपाननेच लिहिलं, कसं वाचलं, कसं उतरवलं, सगळं. चार दिवसांनी उत्तर आलं. तो माणूस दूरच्या एका थंड देशात प्रयोगशाळेत बियाणं तोलायचा, त्यासाठी त्याने तो कोड लिहिला होता. सगळ्या केंद्रांवरचा जुना भाग काढून टाका, कोणी जुना कोड मागितला तर द्या, मग माझी तक्रार नाही, असं त्याने स्वच्छ लिहिलं. खाली एक प्रश्न होता. हलत्या दुधावर माझा कोड चालत होता का? आम्ही खरं तेच कळवलं, की फारसा नाही.

चौदाव्या दिवशी नवा कोड पुण्याला गेला. सगळ्या फाइल हिरव्या आल्या. आता सही करायला हरकत नव्हती, तर मीच हरकत काढली. डिक्लेरेशनला मी एक पुरवणी जोडली. जुना भाग कोणी वाचला, कोणी उतरवला, तो कधी काढला, नवा कोणी आणि कसा लिहिला, सोबत रजिस्टरच्या प्रती आणि लेखकाचं पत्र.

कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. "अहो मॅडम, सगळं हिरवं आहे. साधी सही करा ना. ही पुरवणी बघून आमचे डायरेक्टर बिचकतील."

"बिचकू द्या. पुरवणीसकट घ्या, नाहीतर राहू द्या."

"करार हातचा जाईल हां."

"कळलंय मला."

दोन दिवस फोन नाही. त्या दोन दिवसांत आम्ही तिघांनी एकमेकांकडे फारसं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मेहेंदळे बाईंचा फोन आला. डायरेक्टर बिचकले होतेच. तीन वर्षांचा करार त्यांनी एका वर्षावर आणला. "पण मी त्यांना सांगितलं," बाई म्हणाल्या, "ज्यांनी पुरवणी जोडली नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते." मी सही केली. पूर्ण नाव लिहून केली.

जुना भाग बदलायला सोपान स्वतः मोटरसायकलवर प्रत्येक केंद्रावर गेला. गोरखतात्यांकडे तर संध्याकाळची रांग संपेपर्यंत थांबला. परत आल्यावर म्हणाला, "तात्या म्हनले, आता बरं हाय. मला म्हनले, तू लई हुशार हायेस. मी म्हनलं, रुबिनाताईनं केलं हाय."

वाचलेलं विसरता येत नाही. म्हणून काय वाचलं ते लिहून ठेवावं आणि वाचायच्या आधी लायसन्सचा कागद बघावा, एवढंच या सगळ्यातून मी शिकले. आमच्याकडे आता त्याचं रजिस्टर आहे.

करारामुळे चौथा माणूस घ्यावा लागला. मुलाखतीत मी पहिलाच प्रश्न विचारला, आत्तापर्यंत कोणाकोणाचा कोड वाचलात? एक जण छाती काढून म्हणाला, "कोणाचाच नाही मॅडम, मी एआयकडून लिहून घेतो." मी विचारलं, "आणि त्याने कोणाकोणाचा वाचलाय?" नंतर आलेल्या एका मुलीने पाच-सहा नावं घेतली आणि मान खाली घालून सांगितलं, लायसन्स एकाचंही बघितलं नाही.

तिला घेतलं. लायसन्स बघायला एका दुपारी शिकवता येतं.